किलोला कुंकू

"बाई, तुम्ही किलोला कुंकू लावलंत?" उपसंचालक टिपणीसांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

खंडेनवमी होती. राष्ट्रीय मापसंस्थेतली सगळी यंत्रं झेंडूच्या माळा घालून बसली होती. त्याच भरात नव्या संचालकबाई गुडघा धरत तळघरात उतरल्या, काचेची हंडी उचलली आणि आजवर कुणी बोटही न लावलेल्या धातूच्या ठोकळ्याला, म्हणजे देशाच्या मूळ किलोला, चांगलं ठसठशीत हळदकुंकू लावून मोकळ्या झाल्या.

"मग पुसा की!"

"पुसताना झिजला तर? परवा परदेशी तपासनीस येताहेत. तुमची खुर्ची जाईल, आणि माझीही."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. संस्थापक संचालकांच्या तसबिरीखाली त्यांचाच नियम कोरलेला होता : 'या हंडीखाली जे असेल, तोच एक किलो. शंका घेऊ नये.'

"मग कुंकवासकट हाच एक किलो. किलो कुठे चुकला, टिपणीस? हलका झाला तो देश."

टिपणीसांचा जन्म नियमांत गेला होता. त्यांना यात खोट सापडेना. त्यांनी कोपऱ्यातला वजनकाटा नव्या किलोशी जुळवला आणि खात्रीसाठी, रोज सकाळी त्यावर वजन करणाऱ्या बाईंनाच वर उभं केलं.

"सकाळपेक्षा शंभर ग्रॅम कमी भरलात!"

बाई काट्यावरून उतरेचनात. वीस किलो कमी केल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं.

"टिपणीस," त्या हळूच म्हणाल्या, "हंडीखाली नारळ ठेवायचा राहिलाच की हो."