दारावरचा निळा दिवा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी एक इमारत मनात आणा, जिथे प्रत्येक दारावर एक छोटा दिवा आहे. घरातल्या कुणाला एकटं वाटू लागलं की तो आपोआप निळा होतो. मग ज्या शेजाऱ्याला तो दिसेल त्याने वाटीत काहीतरी खाऊ घेऊन बेल वाजवायची आणि घटकाभर बसायचं, एवढाच तिथला नियम.

एका संध्याकाळी मंजिरी शाळेतून आली, तर निळा दिवा तिच्याच दारावर!

"बाबा, आपल्याकडे कोण एकटं आहे?"

"पाच माणसांच्या घरात कोण एकटं असणार? यंत्र बिघडलंय," बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले.

"लोक काय म्हणतील? फडकं टाक त्याच्यावर," आजी म्हणाली.

मंजिरी फडकं घेऊन दारात आली. तेवढ्यात आई दूध आणायला खाली गेली आणि दिवा विझला. आई परत आली, तिने चपला काढल्या आणि दिवा पुन्हा निळा झाला.

मंजिरीला काही कळेना. आई तर दिवसभर सगळ्यांच्यातच असते. सगळे सारखे तिलाच हाका मारतात. मग तिला एकटं कसं वाटेल? आणि आपल्याच घरी शेजारी म्हणून जायचं तरी कुणी?

तिने फडकं बाजूला ठेवलं. दोन लाडू वाटीत घेतले, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

दार आईने उघडलं.

"काय काकू, आहात का मोकळ्या?" मंजिरी म्हणाली. "जरा बसायला आले होते."