तक्रार नसल्याचा कागद

प्रियंकाच्या खुनात तिचा नवरा अंकित दोषी ठरला होता. बालाघाटच्या कोर्टात आज फक्त शिक्षा किती द्यायची, एवढंच ठरायचं होतं. त्याच्या वकिलानं सांगितलं, वय अठ्ठावीस, घरी म्हातारी आई, आजवर नावावर एकही तक्रार नाही, म्हणून दया दाखवावी.

प्रियंकाच्या बापाला, खेमराजला, राहवलं नाही. उभा राहून तो ओरडला, "साहेब, हा माह्या पोरीले रोज मारत होता!"

"शिकायत की थी कहीं?" जजसाहेबांनी विचारलं.

अंकितच्या वकिलानं दोन वर्षांपूर्वीच्या समाजाच्या बैठकीतला एक कागद पुढं केला. त्या बैठकीचा दिवस खेमराजच्या बायकोला, जिजाबाईला, चांगला आठवत होता. पोरगी तक्रार द्यायला पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेली होती, तिथून तिला बैठकीत नेलं होतं, आणि रात्री खेमराजनं घरी येऊन सांगितलं होतं, "तिलेच पटलं. आपल्या मनानं नांदायले गेली."

जजसाहेबांनी कागद वाचून दाखवला. जावयानं मुलीला कधी मारलं नाही, तिनं रागाच्या भरात खोटं सांगितलं, आमची काही तक्रार नाही. खाली प्रियंकाची सही नव्हती. एकच सही होती, मुलीचा बाप म्हणून खेमराजची.

 

जिजाबाई उठली आणि नवऱ्याकडं बोट करून म्हणाली, "साहेब, आन् यायले किती सजा देता?"