गडावरची ओटी

"इथे काय नाय, आई," नकुल म्हणाला. "फक्त गवत आहे. आणि शीप."

धापा टाकत वर आलेल्या सुप्रभाबाईंनी कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिलं. जावई खरंच बोलत होता. बुरूज नाही, दरवाजा नाही. टेकडीच्या डोक्यावर हिरव्या गवताचे दोन उंचवटे एकात एक वळत गेले होते. मधूनमधून काळे दगड डोकं काढून होते, आणि एक मेंढी त्यांतल्या एकाला पाठ घाशीत उभी होती. खाली गाड्या लावतात तिथल्या पाटीवर मात्र स्वच्छ लिहिलं होतं : किल्ला, अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

सुप्रभाबाईंनी हातातली पिशवी छातीशी धरली. आत खण होता, नारळ होता, गहू, हळकुंड, सुपारी आणि कुंकवाचा करंडा. स्कॉटलंडला किल्ला बघायला जायचं ठरलं, तेव्हाच त्यांनी ती भरून ठेवली होती. किल्ला म्हटला की गडदेवता आलीच. त्यातून आज मंगळवार, त्यांचा देवीचा उपास.

पण खरं कारण रविवारचं होतं. लेक राहते त्या लीड्समधल्या बायकांनी स्वरालीचं डोहाळजेवण हौसेनं केलं होतं. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत ती बसली होती आणि एकेक जण येऊन ओटी भरत होती. "आईंना बोलवा ना!" कुणीतरी म्हणालं. सुप्रभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. "होऊ द्या तुमचं, माझ्या पुऱ्या करपतील," म्हणाल्या. नवरा, दीनानाथ, गेल्यापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती. मग पोटच्या पोरीची, तीही अशा वेळी, कशी भरायची? स्वराली दारापाशी डोळे लावून बसली होती, हे त्यांना आतूनही कळत होतं. तेव्हापासून लेक कामापुरतंच बोलत होती.

म्हणून त्यांनी मनाशी बेत केला होता. स्वरालीच्या हातून गडदेवीची ओटी भरवायची, आणि तो नारळ प्रसाद म्हणून परत लेकीनंच पदरात घ्यायचा. म्हणजे आशीर्वाद देवीचा झाला, आपला हात मध्ये नाही.

आता इथे देवीच नव्हती.

"हा किल्ला नाय, आई. संपला तो," नकुल म्हणाला. "कशाला एवढं चढलो? माझ्या गाडीत हीटर होता."

एवढं मात्र सुप्रभाबाईंना सहन झालं नाही. तीस वर्षं किल्लेवेड्या नवऱ्यामागून त्या गड चढल्या होत्या.

"असं कसं म्हणता, नकुलराव?" त्या हळू आवाजातच म्हणाल्या. "हा गवताखाली दिसतोय तो तट. आणि मेंढी उभी आहे ना, तिथे मोकळी फट आहे बघा. दरवाजा असणार तिथे. राजा गेला, माणसं गेली, म्हणून किल्ल्याचं किल्लेपण जातं का? मग एवढ्या लांबून आपण आलो ते काय बघायला?"

"फेअर इनफ," नकुल हसला. "मग देवी पण असेल. मी शोधतो." आणि तो खरोखरच तटाच्या कडेनं देवी शोधत निघाला.

स्वराली एका दगडावर टेकली होती. एक हात पोटावर. तिनं आईच्या पिशवीकडे पाहिलं.

"ओटी आणलीयस ना? मला सकाळीच नारळ लागला हाताला."

"आणली खरी. आता कुठे वाहू?"

स्वराली उठली. तिनं रेनकोटची चेन उघडली, दोन्ही टोकं हातांत धरून पदरासारखी पुढे केली आणि म्हणाली, "इथे."

"वेडी आहेस का?" सुप्रभाबाई मागे सरल्या. "माझ्या हातून? अगं, सातवा चालू आहे तुला. काही कमीजास्त झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"राजा गेला म्हणून किल्ल्याचं किल्लेपण जात नाही," स्वराली म्हणाली. "कोण म्हणालं आत्ता?"

वारा एवढा होता की डोळ्यांत पाणी का आलं, हे दोघींनाही विचारावं लागलं नाही. लेकीचे हात थंडीनं लाल झाले होते, पण पुढे धरलेली टोकं ती सोडत नव्हती.

त्यांनी खाली बसून पिशवी उघडली. करंडा सापडायला वेळ लागला. मग उठून त्यांनी लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं. रेनकोटात खण ठेवला, त्यावर नारळ. हळकुंड, सुपारी. गव्हाची ओंजळ भरली आणि डोळे मिटून रिकामी केली. चार दाणे वाऱ्यानं उडाले, ते मेंढीनं टिपले. त्यांच्या तोंडून स्तोत्र सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही. रोजचंच होतं.

तेवढ्यात नकुल सगळा तट फिरून परत आला. बुटांना चिखल, नाक लाल.

"सॉरी, आई. सगळीकडे बघितलं. देवी कुठेच नाय."

सुप्रभाबाईंनी कुंकवानं लाल झालेली बोटं पदराला पुसली आणि लेकीच्या रेनकोटाची चेन, नारळासकट, वरपर्यंत लावली.

"ती रविवारी तुमच्या घरीच होती, नकुलराव," त्या म्हणाल्या. "मीच पुऱ्या तळत बसले."