ओठ काढले की सोपं

आजोबांच्या लेकीने मुलांसाठी गणिताचं ॲप बनवलं होतं. ॲप कॅमेऱ्यातून मुलाचा चेहरा बघायचं, आणि चेहरा पडला की लगेच सोपं गणित द्यायचं. आज चाचणीला तिचीच मुलगी परी बसली होती.

"बघा बाबा, तासभर झाला, कंटाळली नाही. उद्या ऑफिसात हेच दाखवणार!"

"भागाकार आला का तिला?"

"येईल हो!"

आजोबा नातीच्या मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर भागाकार आला की परी ओठ काढायची. मग तिथे दोन अधिक तीन यायचं, आणि ती खुदकन हसायची.

आजोबांनी लॅपटॉप बाजूला सारला आणि कागदावर एक भागाकार लिहून दिला. परीने ओठ काढले. आजोबा नुसते बघत राहिले. तिने चुळबुळ केली, पेन्सिल चावली, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. लेक उठली, बसली, पुन्हा उठली. "बाबा, सांगून टाका ना! मला बघवत नाही."

आजोबा हलले नाहीत.

"आजोबा," परी वैतागली, "ॲपला लगेच कळतं. तुम्हाला कसं काहीच कळत नाही?"

"कळतं की, लबाडे. म्हणून तर थांबलोय."