बोटीची झूल

"हा कोहळा कोणी ठेवला? उतरवा आधी!" योगराज बोटीतून ओरडला.

कोणीच कबूल होईना. कोहळा उतरवला, तर बसायच्या फळीखालून तांदळाचं गाठोडं निघालं. ते उतरवलं, तर इंजिनाच्या आडोशाला वाळल्या मासळीची पिशवी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोट रिकामीच न्यायची असते, आत वजन राहिलं की खड्ड्यात आपटते आणि बुडाला चीर जाते, हे तो सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होता. पण पिपरटोल्यात ऐकतो कोण! पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडायचं नाही, एवढंच गावाला ठाऊक.

बोट मूळची बोदलकसा तलावातली, सहलीला आलेल्यांना फिरवणारी. वैनगंगेला पूर आला तेव्हा ती ट्रकवर घालून इकडे धाडली गेली आणि तिच्यासोबत ती चालवणारा योगराजही आला. पाणी ओसरलं, तरी पुन्हा चढेल या धास्तीने दोघांचा मुक्काम पावसाळाभर इथेच पडला. बोट नदीकाठी, आणि योगराज पाळीपाळीने घरोघरी जेवायला. चार घरं चाखून तो चांगला सुटलाही होता. आता दिवाळी झाली, धान कापणीला आलं. गावातल्या रत्नपालच्या ट्रॅक्टरवरून आज बोदलकसाला परत जायचं.

अर्ध्या गावाने जोर लावून बोट केळीच्या खांबांवरून काठावर ओढली. योगराजने बुडाचं बूच काढलं, आतलं पाणी निथळू दिलं. टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतलं. ट्रॉलीत गुडघाभर तणसाचा पेंढा, त्यावर जुने टायर, त्यावर बोट. इंजिन सोडवून बोटीच्या मागच्या टोकाशी तणसातच आडवं निजवलं. राहिली ती एकच अडचण. बोटीची ताडपत्री पुरात गेली होती, आणि तिरोड्यापर्यंतचा रस्ता खणून ठेवलेला. ती सगळी धूळ उघड्या इंजिनात जाणार. गावात ताडपत्र्या होत्या, पण त्या पडलेल्या घरांवर छप्पर म्हणून बांधलेल्या. त्या मागायच्या कोणत्या तोंडाने?

पण योगराजला धुळीपेक्षा दुसरंच काही टोचत होतं.

पुराच्या दिवशी ललिताने आपली शिलाई मशीन सगळ्यांत आधी बोटीत चढवली होती, लोखंडी पायासकट. नवरा वारलेला. ती आणि सासू नंदाबाई, दोघींचं पोट त्या मशीनवर. बोट भरली, तेव्हा नंदाबाई अजून घराच्या छपरावर, कवेलूंवरच बसून होती. "बुढीले दुसऱ्या खेपेले आणा," ललिता म्हणाली. योगराजने एकदा त्या घराच्या मातीच्या भिंतीकडे पाहिलं आणि कोणालाही न विचारता मशीन पाण्यात ढकलून दिली. तिच्या जागेवर नंदाबाईला बसवलं.

"माह्या पोटावर पाय देल्ला तुमी!" ललिता किंचाळली होती.

बोट बुद्धविहाराच्या उंचवट्याला लागायच्या आत मागे ते घर बसलं. सगळ्यांनी पाहिलं. त्यावर ललिता चकार शब्द बोलली नाही, आणि योगराजशी तर त्या दिवसापासून कशाबद्दलच नाही. जेवणाची त्यांची पाळी आली की ताट नंदाबाई घेऊन यायची. मागे एका दुपारी त्याला जाग आली, तर ललिता बोटीभोवती फिरत होती. बोटीच्या कडेवर वीत टेकवत, थांबत, पुन्हा टेकवत. त्याला पाहताच ती निघून गेली. त्याने धावत जाऊन आधी बूच जागेवर आहे का ते पाहिलं. बूच होतं. सारं गाव त्याला डोक्यावर घेत होतं आणि ते त्याला आवडतही होतं. पण एका बाईची रोजी बुडवून आपण चाललो, हे काही गळी उतरत नव्हतं. जाण्याआधी तिने एक शब्द बोलावा, निदान शिवी तरी द्यावी, असं त्याला फार वाटत होतं.

"भाऊ, सांभाळा," रत्नपाल ट्रॅक्टरवरून हळूच म्हणाला. "ललिता येऊन राहिली."

ललिता पुढे, डोक्यावर भलंमोठं गाठोडं. मागे नंदाबाई, लोंबणारं टोक हातात धरून. जमलेली माणसं बाजूला झाली. ललिताने गाठोडं बोटीवर टाकलं.

"कोपरे धरा," ती म्हणाली.

खताची पोती उसवून, धुऊन, एकमेकांना जोडून केलेली ती झूल होती. पोळ्याच्या बैलाला घालावी तशी ती बोटीच्या अंगावर बसली. चोचीला निमुळती, मागे इंजिनापुरता घेर सोडलेला, कोपऱ्याकोपऱ्याला बांधायच्या नाड्या. योगराजने शिवणीवरून हात फिरवला. सुतळीचे टाके, दाभणाने घातलेले, जवळजवळ, दुहेरी. त्याला ती दुपार आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

"वजन तं नाई ना होत हिचं?" ललिताने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. "पुरी हातानं शिवली?"

"मंग कायनं शिवू? मशीन तं तुमीच बुडवली. असती तं एका दिवसात झालं असतं."

योगराजने मान खाली घातली.

ललिताने सासूच्या हातातलं टोक घेतलं, ट्रॉलीच्या कडीला ओढून बांधलं आणि गाठ पक्की आहे का ते पाहिलं.

"पण मंग कापड धराले बुढी नसती, भाऊ."