सेकंडहँड गिटार

बापाशी भांडून प्रांजल घर सोडून गेला, तशी जयवंतरावांनी त्याची गिटार विकायला काढली. ती बघायला मुलुंडला थेट जोगेश्वरीहून एक मुलगी आली.

"कंपनी एकदम भारी आहे काका, आवाजही झकास. पण एवढी किंमत नाही येणार. तारांखालच्या या पट्ट्या बघा ना, पार झिजल्यात. वर्षानुवर्षं रोज वाजवल्याशिवाय अशा नाही झिजत."

जयवंतराव उसळलेच. "रोज? अगं, नुसती नाटकं त्या कार्ट्याची! हट्टानं घेतली आणि भिंतीला टांगून ठेवली. माझ्या कानावर कधी एक सूर पडला नाही!"

जानकीबाईंनी मुलीच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.



"रोज वाजवायचा गं. हे घराबाहेर पडले की."