लागतंय

माधुरी सिस्टर पनवेलच्या एका दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटच्या पायांची काळजी घ्यायची. कोनजवळच्या वीटभट्टीवर राबणारी गोदा आज पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती. माधुरीने तिचे पाय कोमट पाण्याने धुतले, नखं कापली, टाचेवरची मेलेली कातडी हलक्या हाताने काढली. उजव्या अंगठ्याखालची जखम मात्र खूप खोल गेली होती.

"मावशी, आता डोळे मिटा. मी हा नायलॉनचा ताठ दोरा पायाला टेकवून बघते. लागला की सांगा."

गोदाने डोळे घट्ट मिटले. माधुरीने जखमेशेजारी दोरा टेकवला.

"लागतंय."

"आणि इथे?"

"लागतंय, बाय."

माधुरीला हायसं वाटलं. पायात जाण होती, म्हणजे अजून आशा होती. दोरा ट्रेमध्ये ठेवून तिने गोदाचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

"लागतंय," गोदा म्हणाली.

माधुरी थबकली. "मावशी, मी अजून दोरा लावलाच नाही."

गोदाने डोळे उघडले. तिने पाय मागे घेतला नाही.

"माज्या घरवाल्यानं असा दोरा लावल्यावर खरं सांगितलं व्हतं, बाय. काय कलत नाय बोलला, तर गुडघ्यापासून पाय कापला त्याचा. तवापासून त्याला पाठीवर घेऊन मीच फिरते. आमा दोघांत आता चालायला ह्ये माजे दोनच पाय हायत."